सोपाय रे, चल!

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसखालची टपरी. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि आमच्या टोळक्यात पुन्हा एकदा तोच वाद पेटलेला. माहुली सोपा की कठीण?

हसू नका. तुमच्या ऑफिसात सचिन की विराट यावर रक्त आटत असेल, आमच्याकडे ते माहुलीवर आटतं. गेली कित्येक वर्षं आटतंय. प्रोजेक्ट बदलले, बॉस बदलले, दोघांची लग्नं झाली, एकाची पाठ धरली, वाद तोच.

माहुली म्हणजे आसनगावचा. मध्य रेल्वेवाल्यांना वेगळं सांगायला नको. कसारा लोकलच्या खिडकीतून सुळक्यांची जी रांग दिसते ना, तोच. उंची २,८१५ फूट. खरं तर एक नव्हे, तीन किल्ले शेजारी शेजारी : माहुली, भंडारगड आणि पळसगड. रात्रीची बस नको, सुट्टी टाकायला नको. ठाण्याला गाडी बदला, आसनगावला उतरा, रिक्षा करा की पायथ्याचं गाव. म्हणून तो आमचा लोकल डोंगर. दोन्ही अर्थांनी!

आमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, स्टेशनने मारतो. घाटकोपर हा आमचा कट्टर माणूस. अलंग-मदन-कुलंग करून आलाय आणि ते दर पंधरा मिनिटांनी सांगतो. त्याच्या मते माहुली म्हणजे ‘वॉर्मअप’. बोरिवली आकडेवाला. मनगटावरचं घड्याळ किती चढलो, किती उतरलो, ठोके किती पडले ते सगळं सांगतं आणि तो ते आम्हाला सांगतो. त्याच्या मते माहुली ‘मध्यम, पण वरच्या बाजूचा मध्यम’. आणि मी मुलुंड. कॉलेजपासून अकरा वेळा माहुली केलाय. मी ‘सोपा’ पार्टीची.

आता गंमत अशी, की डोंगर किती कठीण हे सांगताना आपण डोंगराबद्दल बोलतच नसतो. आपण आपलं व्हिजिटिंग कार्ड देत असतो. ‘राजमाचीला दमलो’ असं कुणी म्हटलं की समोरचा मान हलवतो, पण मनातल्या मनात तुम्हाला एक पायरी खाली उतरवतो. ‘हरिहर? पायऱ्याच तर आहेत’ असं म्हणणारा एक पायरी वर चढतो. गडावर पाऊल न ठेवता! त्यामुळे अनुभवी माणसाच्या तोंडून ‘कठीण’ हा शब्द निघणं म्हणजे सरकारी ऑफिसातून वेळेत फाइल निघण्यासारखं.

ट्रेकरांची एक भाषाच असते. नवीन असाल तर हा छोटा शब्दकोश कापून ठेवा. ‘थोडं एक्सपोजर आहे’ म्हणजे एका बाजूला जमीन नाही. ‘छोटासा रॉक पॅच’ म्हणजे तुमच्या उंचीपेक्षा जास्त, पण सांगणाऱ्याच्या अहंकारापेक्षा कमी. ‘घसारा आहे जरा’ म्हणजे पँट बसून फाटणार. ‘हे काय, आलंच’ म्हणजे अजून दीड तास. आणि ‘सोपा आहे’ म्हणजे... त्याचा अर्थ मला गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत माहीत आहे असं वाटत होतं.

खरं तर इतक्या वर्षांच्या वादातून आम्ही काही शिकलो नव्हतो असं नाही. पहिला धडा असा, की किल्ल्याची उंची हा अत्यंत फसवा आकडा आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. ऐकूनच छाती दडपते. पण बारी गावात तुम्ही उतरता तेव्हा कसाऱ्याचा घाट गाडीने आधीच चढवलेला असतो. उरलेलं तेवढं तुमच्या पायांचं. माहुलीचं तसं नाही. त्याचा पायथा खाली, कोकणाच्या बाजूला. जवळजवळ सगळी उंची आपल्याच गुडघ्यांच्या हिशोबात जमा. कागदावर माहुली कळसूबाईच्या निम्म्याला थोडासा वर, पोटऱ्यांना मात्र तो एवढा लहान वाटत नाही. बोरिवली हा मुद्दा दर वेळी मांडतो आणि दर वेळी घाटकोपर जांभई देतो.

दुसरा धडा : किल्ला एक असला तरी वाटा अनेक. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जा, शाळेची सहलही जाते. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जा, चांगला घाम निघेल. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जा, म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतून दगडधोंड्यांतून वर या. तिथे नवख्याने पाऊल टाकू नये. भीमाशंकरचंही तेच. खांडसहून गणेश घाट लांबचा पण सरळमार्गी, शिडी घाट जवळचा पण छातीत धडधड करणारा. मग ‘हरिश्चंद्रगड सोपा की कठीण’ या प्रश्नाला काय उत्तर देणार? कुठून, हे विचारल्याशिवाय?

हे सगळं आम्हाला माहीत होतं. टपरीवर तर आम्ही यावर व्याख्यानं देत होतो. आणि मग आमच्या टीममध्ये अंधेरी आला.

अंधेरी म्हणजे चोवीस वर्षांचा, आठवड्यातून पाच दिवस जिमला जाणारा, डेस्कवर प्रोटीनचा डबा ठेवणारा मुलगा. घाटकोपरने पहिल्याच दिवशी त्याची विकेट काढली. ‘तुमच्याकडे डोंगर म्हणजे काय रे? गिल्बर्ट हिल?’ तसं बघितलं तर गिल्बर्ट हिल काही ऐरागैरा दगड नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, दोनशे फुटांचा उभा काळा खांब आहे तो. आपला अख्खा सह्याद्री ज्या लाव्हारसाचा, त्याचाच हा अंधेरीतला भाऊबंद. पण त्याला पायऱ्या आहेत, वर देवीचं देऊळ आहे आणि आजूबाजूला बिल्डिंगा आहेत. टिंगल करायला एवढं पुरतं.

पोरगा लाल झाला. म्हणाला, ‘मी येतो या रविवारी. माहुली. जमेल ना मला?’

आणि मी म्हटलं, ‘सोपाय रे, चल!’

मी हे वाक्य प्रेमाने म्हटलं होतं. त्याला धीर यावा म्हणून. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, की पुढचं सगळं या तीन शब्दांतून निघालं.

सोपा आहे, मग पहाटेची गाडी कशाला? एरवी आम्ही पहिल्या-दुसऱ्या लोकलने निघतो. त्या दिवशी आठची धरली. अंधेरी आरामात मेट्रोने घाटकोपरला आला, वडापाव खाल्ला, फोटो काढले. सोपा आहे, मग पाणी किती? एक लिटर पुरे. सोपा आहे, मग बूट? त्याच्या पायात जिमचे गुळगुळीत तळाचे पांढरेशुभ्र शूज. मला दिसले होते. मी काही बोलले नाही. सोपा आहे, मग वाटाड्या कशाला? मी अकरा वेळा केलाय!

गावात पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. मोबाइल ३९ दाखवत होता. गावातल्या एका घरी दोन वाजताचं जेवण सांगितलं, झुणका-भाकरी आणि ठेचा. घरच्या मामांनी उन्हाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘आता चढनार?’ आम्ही हसलो. ‘येतो की दोन वाजेपर्यंत!’

माहुलीची वाट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्यात भीती वाटावी असं फार काही नाही. जंगलातून जाते, मग एका सोंडेवरून वर वर चढत राहते. चढत राहते हे महत्त्वाचं. मध्ये सपाटी फारशी नाही. पावसाळ्यात आणि थंडीत ती सावलीची, हिरवीगार, गाणी म्हणत चढायची वाट. मार्चच्या शेवटी पानगळ झालेली, झाडं आहेत पण सावली नाही, पायाखाली भुसभुशीत माती आणि सुटे दगड. पावसाळ्यात जिथे ओढा धो-धो वाहतो तिथे तापलेले गोटे. अकरा वेळा केलाय, असं मी ऐटीत सांगत होते ना? त्यातल्या दहा वेळा जुलै ते जानेवारी होत्या. हा हिशोब मी तोपर्यंत कधी केलाच नव्हता.

अंधेरी सुरुवातीला घाटकोपरच्याही पुढे पळत होता. अर्ध्या तासाने माझ्याबरोबर आला. तासाभराने माझ्या मागे. मी वळून विचारायचे, ‘ठीक आहेस ना?’ तो अंगठा दाखवायचा. मी म्हणायचे, ‘आलंच हं!’ त्याचं पाणी बारा वाजताच संपलं होतं हे मला नंतर कळलं.

शिडीपाशी पोहोचायला दीड वाजला. माथ्याच्या थोडं खाली ती लोखंडी शिडी आहे. ती शिडी म्हणजे काहीच नाही. म्हणजे, मला काहीच नाही. अंधेरी चढला, पण वर गेल्यावर हात पुसताना त्याची बोटं थरथरत होती. आम्ही महादरवाज्याशी गेलो, पहारेकऱ्यांच्या देवडीत सावली होती तिथे टेकलो, आणि त्याला भडभडून उलटी झाली.

चेहरा पांढराफटक. डोकं ठणकतंय. पोटऱ्यांत गोळे. ‘शू’ला कधी गेलास विचारलं तर म्हणे सकाळी घरी. ऊन लागल्याची एकूण एक लक्षणं समोर दिसत होती आणि मी बावळटासारखी त्याच्याकडे बघत बसले होते. भानावर आला तो बोरिवली. त्याच्या बॅगेत इलेक्ट्रॉलची पुडी होती. (त्याच्या बॅगेची आम्ही वर्षानुवर्षं ‘मेडिकल स्टोअर’ म्हणून चेष्टा केली आहे. आता करत नाही.) रुमाल ओला करून मानेवर ठेवला, शर्टाची बटणं उघडली, बूट काढले, घोट घोट पाणी दिलं. घाटकोपर, आमचा अलंग-मदनवाला, एक शब्द न बोलता रिकाम्या बाटल्या घेऊन टाक्याकडे गेला.

अंधेरीला झोपू द्यायचं नव्हतं, बोलतं ठेवायचं होतं. काय बोलणार? मला एकच सुचलं. मी त्याला जिथे बसलो होतो त्या जागेची गोष्ट सांगितली.

१६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाहीच्या फौजांपुढे शेवटचा आसरा घेतला तो याच किल्ल्यावर. पुढे शिवाजी महाराजांनी माहुली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० साली महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली तेव्हा माहुलीवर चाल केली. आणि हरले! ज्या महिन्यांत सिंहगडासारखा किल्ला हाती आला, त्याच महिन्यांत माहुली अडला. वर मोगलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड. तो गाफील सापडला नाही, मराठ्यांची माणसं मोठ्या संख्येने कामी आली आणि महाराजांना माघार घ्यावी लागली. पण काही महिन्यांत या मनोहरदासाने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी दुसरा आला. आणि १६७० च्याच जून महिन्यात मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतला.

अंधेरीने डोळे मिटूनच विचारलं, ‘म्हणजे किल्ला कठीण होता, की किल्लेदार?’

मी काही बोलले नाही. घाटकोपरने बाटली भरून आणून त्याच्या हातात दिली, तोही काही बोलला नाही. कडे तेच, दरवाजा तोच, वर्षही तेच. चार-पाच महिन्यांत सह्याद्री काही बुटका झाला नव्हता.

चार वाजेपर्यंत तो बराच सावरला. उलट्या थांबल्या, बोलायला लागला. पण खरी परीक्षा पुढे होती. वर चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं. चढताना नजर वर असते, उतरताना ती खाली जाते. शिडीच्या तोंडाशी तो आला, त्याने खाली बघितलं आणि मटकन बसला. ‘मला नाही जमणार.’ जिममध्ये स्वतःच्या वजनाइतकं वजन उचलणारा मुलगा. गुडघे लटपटत होते. घाटकोपर समजावत होता, बोरिवली पायऱ्या मोजून दाखवत होता, मी काहीतरी उत्साही बरळत होते. त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

खालून आवाज आला, ‘काय झाला?’

गावातले मामा. दोनची भाकरी थंड झाली, तीन वाजले, चार वाजायला आले तरी माणसं आली नाहीत म्हणून बघायला वर आले होते. पायात स्लिपर. त्यांनी एक मिनिटात सगळं ओळखलं. शिडी चढून अंधेरीच्या शेजारी बसले, विडी काढली, पेटवली नाही, तशीच बोटांत धरून म्हणाले, ‘सोपा कोन बोल्ला तुला?’

तिघेही माझ्याकडे बघू लागले.

‘आमी पन रोज येतो,’ मामा म्हणाले. ‘पन उन्हाचा नाय येत.’

मग ते आधी शिडीवरून खाली उतरले, दोन पायऱ्या खाली थांबले, तोंड डोंगराकडे करायला सांगितलं आणि अंधेरीचा एकेक पाय स्वतःच्या हाताने धरून एकेका पायरीवर ठेवला. ‘खाली नको बघू. माझ्या हाताकडं बघ.’ त्या शिडीला अशा कितीशा पायऱ्या? आम्हाला चाळीस मिनिटं लागली. पुढची वाट बॅटरीच्या उजेडात उतरलो. गावात आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मामींनी भाकऱ्या पुन्हा गरम केल्या. अंधेरीच्या मोबाइलला रेंज आली आणि आईचे चौदा मिस्ड कॉल एकदम दिसले. तो म्हणाला, ‘आई, काही नाही गं, गाडी लेट आहे.’ फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

सोमवारी लंचला मी त्याच्या समोर जाऊन बसले. सॉरी म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, ‘अरे, त्रास कधी सुरू झाला होता?’

‘अर्ध्या वाटेतच. डोकं दुखायला लागलं होतं.’

‘मग बोलला का नाहीस? थांबलो असतो, परत फिरलो असतो.’

तो डब्यातली भाजी चिवडत म्हणाला, ‘तू सोपा म्हणाली होतीस ना. सोप्या ठिकाणी थांबा कसं म्हणणार?’

मित्रांनो, मला आजवर ऑफिसात खूप फीडबॅक मिळालेत. इतका खरा एकही नाही.

मला वाटत होतं, ‘सोपा’ म्हणून मी त्याची भीती काढतेय. प्रत्यक्षात मी त्याची बोलण्याची सोय काढून घेतली होती. डोंगर कठीण असता आणि तो दमला असता, तर दोष डोंगराचा. डोंगर सोपा आहे आणि आपण दमलोय, म्हणजे दोष आपला. मग माणूस गप्प बसतो आणि अंगठा दाखवतो. आणि फक्त त्याचंच नाही. त्या एका शब्दाने आमची पहाटेची गाडी घेतली, दोन लिटर पाणी घेतलं, बूट घेतले, वाटाड्या घेतला. माहुली जेवढा होता तेवढाच होता. त्याला कठीण आम्ही केलं, सोपा म्हणून.

तुम्हाला वाटेल ही आपलीच खोड. नाही हं. माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते, थंडीत व्हरमाँटला स्कीइंगला जाते. तिला हा किस्सा सांगितला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, आमच्याकडे रोज हेच चालतं! तिकडे बर्फाच्या उतारांना खुणा असतात. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा कठीण. दिसायला एकदम शास्त्रशुद्ध. पण ग्यानबाची मेख अशी, की अमेरिकेत या खुणा त्या त्या डोंगरापुरत्या असतात, त्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांच्या तुलनेत दिलेल्या. त्यामुळे एका डोंगराचा काळा हिरा दुसऱ्या डोंगरावर निळा चौकोन ठरू शकतो. मग प्रत्येक डोंगराचे भक्त सांगत सुटतात, ‘आमचा काळा म्हणजे खरा काळा!’ शिवाय सकाळी दगडासारखा टणक असलेला बर्फ दुपारी लापशी होतो. पाटी तीच, उतार तोच, डोंगर वेगळा. सगळीकडे एक घाटकोपर असतोच, म्हणा ना.

प्रयत्न लोकांनी बरेच केलेत. स्विस लोकांनी पायवाटांना टी-१ ते टी-६ अशा सहा श्रेणी लावल्या आहेत. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने सूत्र दिलं : दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. बोरिवलीने लगेच माहुलीचं गणित मांडलं. उत्तर आलं तेवढ्या वेळात आम्ही त्या दिवशी शिडीपर्यंतही पोहोचलो नव्हतो. बिचाऱ्या नेस्मिथला शहापूर तालुक्यातला मार्च महिना कुठे माहीत होता!

श्रेणी असू नयेत असं मी म्हणत नाही. किल्ल्यांची माहिती वाचताना सोपी-मध्यम-कठीण बघावंच. त्याने निदान अलंगला चुकून सँडल घालून जायला होत नाही. पण ती श्रेणी तिथल्या वाटेची असते, तुमच्या रविवारची नसते. तुमच्या रविवारात ऊन असतं, शेवाळ असतं, शनिवारची अपुरी झोप असते, आणि हल्ली तर गर्दी असते. हरिहरच्या कोरीव पायऱ्या एकट्याने चढणं आणि सुट्टीच्या दिवशी वर जाणारे शंभर, खाली येणारे शंभर यांच्यामध्ये अडकून चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधेरी स्टेशनचा पूल उभा करून ठेवल्यासारखं वाटतं.

त्या रविवारनंतर आम्ही एक नियम केला. नव्या माणसाला श्रेणी सांगायची नाही. सांगायच्या फक्त पाच गोष्टी. पायांनी किती चढायचंय. पाणी कुठे मिळेल आणि कुठे मिळणार नाही. सावली किती. परत फिरायचं झालं तर कुठून फिरता येईल. आणि शेवटची गाडी कितीची. एवढं ऐकून सोपा की कठीण ते ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्यात हळू जो चालतो तो पुढे. मागे राहिला की त्याचा अंगठाच दिसतो, चेहरा दिसत नाही.

आणि हो, डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. अंधेरीनेच काढलं. पहाटेची गाडी, तीन लिटर पाणी, खाचांच्या तळाचे बूट. मामांना आधीच फोन केला होता, ते बरोबर आले. थंडी होती, रान हिरवं होतं, वाटेत कुणीतरी बेसूर गातही होतं. अंधेरी शिडीशी थांबला. मिनिटभर तिच्याकडे बघत उभा राहिला. मग मामांना म्हणाला, ‘तुम्ही आधी उतरताना थांबा हं खाली.’ मामांनी मान डोलावली. तेवढंच. दहा वाजता आम्ही महादरवाज्यात बसून डबे उघडले होते.

घाटकोपर डब्यातला पराठा तोडत म्हणाला, ‘काय अंधेरी, मग? सोपा की कठीण?’ अंधेरी म्हणाला, ‘आज?’ आणि लोणचं मागितलं.

परवाच्या शुक्रवारी टपरीवर टीममधली नवी मुलगी उभी होती. डोंबिवलीची. कटिंग फुंकत तिने सहज विचारलं, ‘मी कधी गेले नाहीये ट्रेकला. तो माहुली का काय, कठीण असतो का हो?’

घाटकोपरने तोंड उघडलं. बोरिवलीने मनगट वर केलं. मी चहाचा घोट घेऊन गप्प बसले.

अंधेरी म्हणाला, ‘ते नंतर. आधी सांग, तुझ्याकडे बूट कुठले आहेत?’